उसना कान

माझ्या दुकानाच्या काचेतून त्याची काच दिसते.
मी गोळ्या मोजते, पाच-पाचच्या ढिगांनी;
समोर डॉन त्रांकिलिनो लाकडाच्या रेषा मोजतो,
नखानं, एकेक,
जुनी उधारी तपासावी तसा.

पाराचोत दर तिसऱ्या दारामागे गिटार घडते.
सकाळच्या थंडीत गाव पाइनच्या धुरानं खोकतं,
आणि दारादारांतून रंधे बोलू लागतात.
त्याचा रंधा मला त्यातही ओळखू येतो:
मध्येच थांबतो. फार वेळ थांबतो.

चार वर्षांपूर्वी तो चिठ्ठी घेऊन आला,
मोरेलियाच्या डॉक्टरची.
मी वाचली. वर पाहिलं.
कुणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही,
टोपी काढून काउंटरवर ठेवली
आणि सुट्टे पैसे मोजून दिले.
तेव्हापासून अख्ख्या गावात मला एकटीला ठाऊक:
बारीक आवाज त्याला सोडून चाललेत,
आधी चिमण्या,
मग नातीची हाक,
मग पहिली तार.

आता तो दातांनी ऐकतो.
सीडरची पाटी, दोन मिलिमीटर जाडीची,
उजेडापुढे धरली की मागच्या बोटांची सावली दिसते.
तिची कड तो दातांत धरतो, हलकेच,
मांजर पिल्लाला धरते तशी,
आणि बोटाच्या पेरानं ठोकतो.
डोळे मिटलेले. जबडा ऐकतोय.
मग पुन्हा रंधा:
एक ढलपी, केसाएवढी,
वळून त्याच्या बुटात पडते.

बाजूच्या फळ्या ओल्या करून
तो तापल्या नळीवर वाकवतो.
त्या वाफेला मिऱ्यांचा, बंद कपाटाचा वास,
रस्ता ओलांडून माझ्या बाटल्यांपर्यंत येणारा.
रोजवुड हट्टी. तोही.
आधी कोण वाकलं ते कळत नाही.
नातू एवेरार्दो शेगडीपाशी सरस ढवळतो,
शिकंजे आवळतो,
आजोबा 'बस' म्हणाले तरी अर्धा फेरा जास्त.

गेल्या बुधवारी पोराला बाजारात धाडून
त्यानं मला हात केला.
दुकान उघडं टाकून मी गेले.
टेबलावर दोन पाट्या, एकाच झाडाच्या, सख्ख्या बहिणी.
एकीवर टक.
दुसरीवर टक.
"कोणती जिवंत आहे?"

मला गाणं येत नाही.
चर्चमध्येसुद्धा मी नुसते ओठ हलवते.
पण विचारलं होतं, म्हणून डावीकडे बोट केलं:
ती भरल्या रांजणासारखी वाजली होती.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला,
मी गिऱ्हाइकांच्या जिभा बघते तसा.
मग उजवी उचलली.
"डावी मोठ्यानं बोलते," म्हणाला.
"मोठ्यानं बोलणारी लवकर दमते."
"मग मला बोलावलंत कशाला?"
"खात्री करायला."
कसली, ते मीही विचारलं नाही.

उजवीला आतून सात पट्ट्या बसल्या, पंख्यासारख्या.
पेटी बंद करण्याआधी तिच्या पोटात
तो पेन्सिलनं काहीतरी लिहीत होता, माझ्याकडे पाठ करून,
जिथं आरसा पोचेल,
किंवा एखाद्या दिवशी कुणाचा तरी अपघात.

महिनाअखेरीला पैसे नव्हते,
तर डावी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.
ती मी खोकल्याच्या औषधांमागे उभी केली.
लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक गेला
की बाटल्या किणकिणतात,
आणि त्यांच्या मागून ती हुंकारते.

काल शटर ओढल्यावर, कुणी बघत नाही असं पाहून
तिची कड दातांत धरली.
सीडर कडवट लागतं, जिभेला बधिर करतं.
पेरानं ठोकलं.
काही नाही.
पुन्हा ठोकलं,
आणि दाढेतून, गालाच्या हाडातून,
डोळ्यांच्या मागे कुठंतरी
कुणीतरी दार उघडल्यासारखं झालं.

त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या शुक्रवारी संपतात.
मागवायला हव्यात.